नोंदवहीतून नकाशाकडे : पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील हवेच्या विदेची वाटचाल

पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचा इतिहास बहुधा मान्सूनच्या अंगाने सांगितला जातो आणि ते रास्तही आहे, कारण उष्ण कटिबंधातील हवामानाचा, विशेषतः मोसमी पावसाचा, मूलभूत अभ्यास व्हावा याच हेतूने ही संस्था उभी राहिली. तरीही गेल्या दीड दशकात दिल्ली, पुणे, मुंबई आणि अहमदाबाद या शहरांतील सामान्य माणसाचा तिच्याशी जो रोजचा संबंध आला, तो पावसापेक्षा हवेच्या प्रदूषणामुळे आला. या प्रकरणात संस्थेचा समग्र वृत्तान्त नाही. हवेविषयीची विदा, म्हणजे उपकरणांनी व उपग्रहांनी टिपलेल्या आकड्यांचा नीट राखलेला साठा, प्रयोगशाळेच्या कपाटातून निघून महापालिका, न्यायालय आणि नागरिक यांच्या हाती कशी पोहोचली, एवढाच धागा येथे घेतला आहे.

भारतीय हवामान विभागाची स्थापना १८७५ मधील. त्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले आणि पुढे १९४४ मध्ये दिल्लीस गेले, तरी शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला पुणेकर अद्याप ‘सिमला ऑफिस’ म्हणूनच ओळखतात. हवामानशास्त्राचे मनुष्यबळ आणि दशकांच्या नोंदी पुण्यात आधीच असल्यामुळे संशोधनाची स्वतंत्र संस्था येथेच निघणे स्वाभाविक होते. १७ नोव्हेंबर १९६२ रोजी हवामान विभागाचा एक घटक म्हणून ‘उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था’ सुरू झाली, डॉ. पी. आर. पिशरोटी हे तिचे पहिले संचालक झाले, आणि १ एप्रिल १९७१ पासून ती स्वायत्त होऊन आजच्या नावाने ओळखली जाऊ लागली. गणेशखिंड रस्त्यावरील रामदुर्ग हाऊसमधून संस्था पुढे पाषाणला स्वतःच्या आवारात गेली. प्रशासकीय दृष्ट्या ती आधी पर्यटन व नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे, १९८५ पासून विज्ञान व तंत्रज्ञान विभागाकडे आणि २००६ पासून पृथ्वी विज्ञान मंत्रालयाकडे आहे. यांतील शेवटचा बदल वरकरणी कागदोपत्री वाटला तरी विदेच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा ठरला, कारण हवामान विभाग, नोएडाचे राष्ट्रीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्र आणि पुण्याची ही संस्था एकाच छत्राखाली आली आणि एकीच्या नोंदी दुसरीने वापरण्यासाठी दर वेळी नव्याने पत्रव्यवहार करण्याची गरज उरली नाही.

हवेच्या रसायनाचा अभ्यास संस्थेत आरंभीपासूनच होता. पावसाच्या पाण्याचे आम्ल-अल्कली प्रमाण, त्यातील सल्फेट आणि नायट्रेट, हवेत तरंगणारे धूलिकण यांवर १९७० च्या दशकापासून संशोधन होत होते. मात्र त्या काळी आकड्यांचा प्रवास ठरलेला असे, म्हणजे नोंदवही, तक्ता, शोधनिबंध आणि ग्रंथालय. देशाच्या पातळीवरही चित्र फारसे वेगळे नव्हते. १९८१ चा वायुप्रदूषण कायदा आल्यावर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १९८४ मध्ये राष्ट्रीय हवा मापन कार्यक्रम सुरू केला. त्यातील पद्धत अशी की, आठवड्यातून दोन दिवस, म्हणजे वर्षाकाठी १०४ दिवस, पंपाने हवा ओढून ती गाळण-कागदातून जाऊ द्यायची, कागदाचे आधीचे व नंतरचे वजन करायचे आणि फरकावरून धुळीचे प्रमाण काढायचे. पद्धत शास्त्रशुद्धच होती. फक्त वजन होऊन, तक्ता भरून, तो वर पाठवून आकडा प्रसिद्ध होईपर्यंत ती हवा कधीच वाहून गेलेली असे. अशा आकड्याने एखाद्या शहराची दहा वर्षांची वाटचाल कळू शकते, पण उद्या शाळेच्या मैदानावर मुलांना खेळू द्यावे की नाही, हे त्यातून कळत नाही.

संस्थेला खुल्या विदेचा पहिला मोठा अनुभव आला तो २००४ मध्ये पाषाणच्या आवारात बसवलेल्या एका लहानशा उपकरणामुळे. हे सूर्यप्रकाशमापक, म्हणजे सन फोटोमीटर. एका यांत्रिक बाहूवर बसवलेली दोन नळकांडी दिवसभर सूर्याकडे तोंड करून फिरत राहतात आणि वेगवेगळ्या तरंगलांबींचा प्रकाश जमिनीवर पोहोचेपर्यंत किती घटला हे मोजतात. त्या घटीवरून हवेच्या संपूर्ण उभ्या स्तंभात कण किती आहेत याचा अंदाज मिळतो आणि त्या राशीला ‘कणांची प्रकाशीय जाडी’ म्हणतात. हे उपकरण अमेरिकेच्या नासा या अंतराळ संस्थेने चालवलेल्या ‘एरोनेट’ या जागतिक जाळ्याचा भाग होते, आणि त्या जाळ्याची अट साधी पण कडक होती : जगात कोठेही मोजलेली नोंद एकाच ठिकाणी, एकाच गणिताने प्रक्रिया होऊन, इंटरनेटवर सर्वांसाठी खुली असेल. पाषाणच्या आकाशाची नोंद त्यामुळे पुण्यातल्या विद्यार्थ्याला जितकी सुलभ, तितकीच ती ब्राझीलमधल्या संशोधकालाही झाली.

या जाळ्यातून आणखी एक शिस्त आली, आणि तिचे महत्त्व उपकरणाइतकेच आहे. येथे प्रत्येक नोंदीला पायरी असते. पहिल्या पायरीवरची नोंद कच्ची, दुसऱ्या पायरीवर ढगांमुळे बिघडलेल्या नोंदी वगळलेल्या, आणि तिसरी पायरी उपकरण काढून त्याचे पुन्हा अंशशोधन, म्हणजे प्रमाणित उपकरणाशी ताडून दुरुस्ती, झाल्यानंतरच मिळते. तातडीची गरज असेल त्याने कच्ची नोंद जरूर घ्यावी, पण ती कच्ची आहे हे तिच्या अंगावरच लिहिलेले असते. पुण्याच्या मालिकेत जून ते सप्टेंबर या महिन्यांत मोठी भगदाडे दिसतात, कारण पावसाळ्यात सूर्यच दिसत नाही; ती अंदाजाने बुजवण्याऐवजी तशीच दाखवली जातात. सरकारी तक्त्यांतील प्रत्येक रकाना भरलेलाच असला पाहिजे या जुन्या सवयीला हा चांगला उतारा होता.

विदेला प्रत्यक्ष प्रशासनाच्या दारात नेऊन उभे करण्याचा प्रसंग २०१० मध्ये आला. त्या वर्षी ३ ते १४ ऑक्टोबर या काळात दिल्लीत राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा व्हायच्या होत्या आणि खेळाडूंना मैदानावरची हवा आज कशी आहे व उद्या कशी असेल, हे सांगण्याची गरज होती. या कामासाठी संस्थेने उभारलेल्या हवा-गुणवत्ता व हवामान अंदाज प्रणालीला ‘सफर’ हे नाव मिळाले. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतून जुळून आलेला हा शब्द अनेक भारतीय भाषांत कळतो, हा योग सुखद खरा. प्रकल्पाचे नेतृत्व डॉ. गुफ्रान बेग यांनी केले. वातावरणीय रसायनशास्त्रातील कामासाठी त्यांना शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला होता.

उपकरणे विकत आणता येतात, उत्सर्जन सूची आणता येत नाही. उत्सर्जन सूची म्हणजे कोणत्या जागेवरून, कोणत्या कारणाने, किती प्रदूषक हवेत जातात याचा हिशेब. दिल्ली व भोवतालच्या सुमारे ७० गुणिले ६५ किलोमीटर क्षेत्राचे १.६७ किलोमीटर बाजूचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातील वाहने, कारखाने, वीजनिर्मिती, रस्त्यावरची धूळ, ढाब्यांच्या भट्ट्या आणि झोपडवस्तीतील चुली यांचा अंदाज बांधायचा होता. त्यासाठी विद्यार्थी चौकाचौकांत उभे राहून वाहने मोजत होते आणि वस्त्यांत जाऊन स्वयंपाकाला कोणते इंधन लागते हे विचारत होते. या इतिहासात संगणकांची नावे ठळकपणे येतात, परंतु लेखकाच्या मते प्रणालीचा खरा पाया या मोजणीत होता. चुलीत लाकूड जळते की शेणी, हे कोणताही उपग्रह सांगू शकत नाही.

सूची, हवामान आणि मापन केंद्रांच्या नोंदी ही तीन प्रकारची विदा एकत्र आल्यावर ‘डब्ल्यूआरएफ-केम’ हे संगणकीय प्रारूप चालवले जाते. वारा, तापमान आणि आर्द्रता यांच्या गणिताबरोबरच हवेतील रासायनिक क्रियांचे गणितही ते प्रारूप करते, म्हणून धूर कोठून निघून कोठे जाईल आणि वाटेत त्याचे काय होईल, याचा २४ ते ७२ तासांचा अंदाज देता येतो. अंदाज आणि चालू नोंदी संकेतस्थळावर आणि शहरातील मोठ्या प्रकाशफलकांवर एकाच वेळी झळकू लागल्या. जागतिक हवामान संघटनेने शहरी हवेच्या संशोधनासाठी चालवलेल्या ‘गुर्मे’ या कार्यक्रमाने सफरला पथदर्शी प्रकल्प म्हणून मान्यता दिली. पुढे २०१३ मध्ये पुण्यात, २०१५ मध्ये मुंबईत आणि २०१७ मध्ये अहमदाबादेत ही प्रणाली सुरू झाली. पुण्यात शिवाजीनगर, पाषाण, लोहगाव, कात्रज, हडपसर, भोसरी, निगडी, आळंदी अशी, तर मुंबईत कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत आणि पलीकडे नवी मुंबईपर्यंत केंद्रे पसरली, आणि २०१५ पासून तीच माहिती मोबाइलवरही मिळू लागली.

अशा केंद्राच्या आत काय घडते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान व्यासाच्या कणांना ‘पीएम २.५’ म्हणतात, केसाच्या जाडीच्या सुमारे विसाव्या-तिसाव्या हिश्शाचे हे कण फुप्फुसांत खोलवर जातात. ते मोजणाऱ्या यंत्रात कागदी फितीचे रीळ असते. यंत्र मिनिटाला १६.७ लिटर, म्हणजे तासाला सुमारे एक घनमीटर, हवा ओढते, फितीच्या एका बिंदूवर तिच्यातील कण साठतात, त्या बिंदूतून बीटा किरण सोडले जातात आणि किरण किती अडले यावरून कणांचे वस्तुमान काढले जाते; तास संपला की फीत पुढे सरकते. वापरून झालेली फीत उलगडली तर तिच्यावर ओळीने गोल ठिपके दिसतात : जुलैचे जेमतेम राखी, लक्ष्मीपूजनाच्या रात्रीचे काळेशार. मुंबईसारख्या दमट शहरात आत येणारी हवा थोडी तापवावी लागते, नाहीतर कणांना चिकटलेले पाणीही धूळ म्हणून मोजले जाते. सगळी पुढची गणिते, नकाशे आणि आदेश या ठिपक्यांच्या रांगेवर उभे आहेत.

ठिपक्यातून निघालेला आकडा मायक्रोग्रॅममध्ये असतो आणि तो सामान्य वाचकाला काही सांगत नाही. म्हणून त्याचे रूपांतर निर्देशांकात होते. सफरने आपला रंगांकित निर्देशांक आधीच वापरात आणला होता. राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक मात्र ६ एप्रिल २०१५ रोजी सुरू झाला. त्यात आठ प्रदूषकांपैकी प्रत्येकाचा उपनिर्देशांक काढतात आणि त्यांतील सर्वांत मोठा तोच त्या ठिकाणचा निर्देशांक मानतात. त्यासाठी निदान तीन प्रदूषकांच्या नोंदी लागतात व त्यांत धूलिकणांची एक असावीच लागते. उदाहरणार्थ, पीएम २.५ चे चोवीस तासांचे सरासरी प्रमाण घनमीटरला ७५ मायक्रोग्रॅम असेल तर निर्देशांक सुमारे १५०, म्हणजे ‘मध्यम’, येतो, जरी राष्ट्रीय मानकानुसार ते प्रमाण ६० च्या आत असायला हवे होते. ‘मध्यम’ हा शब्द येथे जरा जास्तच सौम्य आहे, असे म्हणावे लागते.

एकाच शहराविषयी एकाच सकाळी दोन सरकारी यंत्रणांचे दोन वेगळे आकडे प्रसिद्ध होतात, ही तक्रार या काळात वृत्तपत्रांतून वारंवार झाली. तिच्यामागे बहुतेक वेळा चूक नसून व्याख्या असते : केंद्रे वेगळी, सरासरीचा काळ वेगळा, एकाने चालू तासाचा आकडा दिला आणि दुसऱ्याने चोवीस तासांचा. विदा सामायिक करण्यातील खरी मेहनत अशाच जागी जाते, आणि ती मेहनत बाहेरून दिसत नाही. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे आहे. उपग्रह व प्रारूपे जागतिक वेळेच्या पूर्ण तासांवर चालतात, तर केंद्राचे यंत्र भारतीय घड्याळाने तासाची सरासरी काढते, त्यामुळे त्या वरच्या अर्ध्या तासाने दोन मालिका कायम एकमेकींपासून सरकलेल्या राहतात. ‘दहा वाजता’ ही नोंद नऊ ते दहाची की दहा ते अकराची, हेही प्रत्येक संचिकेत सारखे नसते. यंत्र वायू मोजते तो अब्जांश भागांत, कायदा मागतो मायक्रोग्रॅम. नायट्रोजन डायऑक्साइडचा एक अब्जांश भाग २५ अंश तापमानाला सुमारे १.८८ मायक्रोग्रॅम होतो, दुसऱ्या तापमानाला तो वेगळा. कार्बन मोनॉक्साइड तर मिलिग्रॅममध्ये दिला जातो. वीज गेली म्हणून नोंद नसेल तेथे उणे ९९९ असा खुणेचा आकडा ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, आणि ती खूण न ओळखता कोणी सरासरी काढली तर त्या दिवशी शहराची हवा शून्याहूनही शुद्ध ठरते!

या अडचणींवर जगभर निघालेला उपाय असा की, आकड्यांबरोबर त्यांची ओळखही त्याच संचिकेत ठेवायची. ‘नेटसीडीएफ’ या संचिका-पद्धतीत राशीचे नाव, एकक, वेळेचा आरंभबिंदू, अक्षांश-रेखांश आणि रिकाम्या जागेची खूण हे सर्व आकड्यांच्या शेजारीच असते. हवामानशास्त्रात ती सर्वत्र रुळली आहे. अमेरिकेत सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रुडॉल्फ हुसार यांच्या नेतृत्वाखाली ‘डेटाफेड’ या प्रकल्पाने याच्या पुढचे पाऊल टाकले : विदा एका जागी गोळा करण्याऐवजी ती जेथे आहे तेथेच ठेवून, ठरलेल्या भाषेत मागणी आली की तेवढाच तुकडा देण्याची व्यवस्था. भारतात २०१२ च्या राष्ट्रीय विदा-सामायिकीकरण धोरणाने सार्वजनिक पैशातून जमलेली, गोपनीय नसलेली विदा खुली करण्याचे तत्त्व मान्य केले. प्रत्यक्षात मात्र पडद्यावर पाहण्यासाठी खुले असणे आणि संगणकाने उचलून वापरण्यासाठी खुले असणे यांत आपल्याकडे दीर्घकाळ अंतर राहिले, हे मान्य केलेच पाहिजे.

१५ ऑक्टोबर २०१८ रोजी दिल्लीसाठी हवा-गुणवत्ता पूर्वसूचना प्रणाली सुरू झाली. हवामान विभाग, नोएडाचे केंद्र आणि अमेरिकेतील राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्र यांच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या या प्रणालीत, नासाच्या टेरा आणि ॲक्वा उपग्रहांवरील ‘मोडिस’ या उपकरणाने मोजलेली कणांची प्रकाशीय जाडी थेट प्रारूपात मिसळली जाते, जेणेकरून अंदाजाचा आरंभबिंदूच वास्तवाच्या जवळ असेल. पंजाब-हरियाणातील भाताचे खुंट जाळण्याच्या नोंदीही उपग्रहांवरूनच येतात. २००९ मध्ये भूजल वाचवण्यासाठी झालेल्या कायद्यांनी भाताची लावणी जूनच्या मध्यापर्यंत लांबवली, त्यामुळे कापणी पुढे गेली आणि गव्हासाठी शेत रिकामे करण्याची घाई नेमकी ऑक्टोबरअखेरच्या मंद वाऱ्यांवर येऊन पडली. पाण्यासाठी काढलेला उपाय हवेच्या हिशेबात असा उतरला. आग टिपणारे ध्रुवीय उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास वरून जातात, म्हणून त्यानंतर लावलेली आग त्यांच्या मोजणीत येत नाही. भारताचा इन्सॅट-३डी दर अर्ध्या तासाला पाहतो, पण त्याच्या उष्णताचित्राचा एक ठिपका चार किलोमीटरचा असल्याने एकरभर शेतातली आग त्यात विरून जाते. आगींची संख्या घटली की जाळणेच घटले, असा निष्कर्ष काढण्यापूर्वी ही मर्यादा ध्यानात घ्यावी लागते.

२०२१ मध्ये याच प्रणालीला निर्णय-सहाय्य प्रणालीची जोड मिळाली. दिल्लीच्या हवेतील पीएम २.५ मध्ये दिल्लीतल्या वाहनांचा वाटा किती, भोवतालच्या १९ जिल्ह्यांपैकी कोणाचा किती आणि शेतातल्या आगींचा किती, याचा दैनंदिन अंदाज ती देते. राजधानी क्षेत्रासाठी टप्प्याटप्प्याने निर्बंध लावण्याची कृती-योजना २०१७ पासून होती, पण आधी निर्देशांक वाढायचा आणि मग आदेश निघायचा असा तिचा क्रम होता. २०२२ च्या सुधारित योजनेने अंदाज पाहून तीन दिवस आधी पाऊल उचलण्याची तरतूद केली. येथे संस्थेचा आकडा प्रथमच आदेशाचा आधार झाला. तरीही नोव्हेंबर २०२४ मध्ये, चौथ्या टप्प्याचे निर्बंध लावण्यास उशीर का झाला, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाला विचारावा लागला. अंदाज हाती असणे आणि तो पाहून ट्रक थांबवण्याचे धाडस असणे, या दोन गोष्टींमधले अंतर कोणतेही प्रारूप भरून काढू शकत नाही.

महाराष्ट्राला अशा एकत्र जोडलेल्या विदेचा प्रत्यय २३ जानेवारी २०२२ रोजी आला. त्या दिवशी मुंबई आणि पुण्यात उभ्या गाड्यांवर पांढुरक्या भुकटीचा थर बसला होता. केवळ शहरातील केंद्रे पाहिली असती तर बांधकामांकडे बोट गेले असते आणि रस्त्यांवर पाणी मारण्याची धावपळ झाली असती. उपग्रहचित्रांत मात्र पाकिस्तानकडून निघालेला धुळीचा पट्टा अरबी समुद्र ओलांडून किनाऱ्याला लागलेला स्पष्ट दिसत होता. याउलट २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईची हवा बिघडली तेव्हा उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, महापालिकेने बांधकामांभोवती उंच पत्रे लावण्यापासून पाण्याच्या फवाऱ्यांपर्यंत नियमावली काढली, आणि त्या वेळी स्थानिक धुळीकडे पाहणेच योग्य होते. दोन्ही वेळी फलकावरचा रंग जवळपास सारखा असू शकतो. कारण कोणते हे फक्त एकत्र आणलेली विदा सांगते.

संगणनाची बाजू थोडक्यात सांगण्यासारखी आहे. ‘आदित्य’ या आधीच्या महासंगणकानंतर जानेवारी २०१८ मध्ये पाषाणला ‘प्रत्यूष’ हा चार पेटाफ्लॉप क्षमतेचा, म्हणजे सेकंदाला चार हजार लाख कोटी गणिती क्रिया करणारा, महासंगणक आला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉपचा ‘अर्क’ कार्यान्वित झाला.

२०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत महाराष्ट्रातील १९ शहरे आहेत, देशातील कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. त्यांत चंद्रपूर, सोलापूर, जालना, अकोला, कोल्हापूर, सांगली आहेत. सफरची स्वतंत्र प्रणाली असलेल्या चार शहरांत या सहांपैकी एकही नाही. चंद्रपूरच्या भोवती कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीज केंद्र आहे, सोलापूरला कोरडी धूळ, इचलकरंजी-कोल्हापूर पट्ट्याला ओतकाम आणि उसाचे पाचट. प्रत्येकाची उत्सर्जन सूची वेगळी बनवावी लागेल. त्यासाठी महासंगणकाच्या आधी चौकात उभे राहून वाहने मोजणारे आणि वस्तीत जाऊन चुलीतले इंधन विचारणारे विद्यार्थी लागतील, जसे २०१० च्या दिल्लीत लागले होते.